युरोप आहे, लोकल नाही (म्हणे)

सकाळपासून डोकं फिरलंय. फॅमिली ग्रुपवर भाच्याने साधं विचारलं, आत्या, मे मध्ये आम्ही दोघं पॅरिसला जातोय, मेट्रोचं काय करायचं? मी हौसेने टाइप करायला घेतलं तोवर दादाचा मेसेज येऊन पडला. "विमानाला लाख-दीड लाख घालणार आणि मेट्रोत पाच-दहा युरो कसले वाचवताय, टूरिस्ट पास घ्या आणि मजा करा." खाली सात अंगठे. सात! त्यातले चार जण डी-मार्टमध्ये कढीपत्ता महाग म्हणून परत ठेवतात, मी स्वतः बघितलंय.

तर आता इथे लिहिते, ग्रुपवर भांडण नको.

2025 च्या सप्टेंबरात मी, नवरा आणि आई पॅरिसला गेलो होतो. बुकिंग करणाऱ्या ट्रॅव्हलवाल्याने कोटेशनमध्ये पाच दिवसांचा टूरिस्ट पास घातलेला, पॅरिस व्हिजिट नावाचा, एअरपोर्टसकट. माणशी 76.25 युरो. मी म्हटलं जरा जास्त वाटतंय, तर म्हणाला, "मॅडम, युरोप आहे, लोकल नाही." फोन स्पीकरवर होता. आई शेजारी मटार सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "का? तिथली माणसं कामाला जात नाहीत? ती काय रोज तिकीट काढतात? पास असेल की."

माझ्या आईने एकतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलंय, सेकंड क्लास, क्वार्टरली पास. तिला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आणि होता की पास! नाविगो, आठवड्याचा. तेव्हा 31.60 युरो, वर कार्डाचे एकदाच 5. मेट्रो, बस, ट्राम, आरईआर (म्हणजे तिथली उपनगरी गाडी), व्हर्सायचा राजवाडा, दोन्ही मोठे एअरपोर्ट, सगळं त्यात. आता हिशोब बघा. एअरपोर्टचं नुसतं एका बाजूचं तिकीट तेव्हा 13 युरो, म्हणजे जाऊन-येऊन 26 तिथेच गेले. 36.60 मधले उरले दहा युरो साठ सेंट, मेट्रोचं सुटं तिकीट तेव्हा अडीच युरो, म्हणजे आठवड्यात पाच वेळा मेट्रोत बसलात की कार्डासकट पैसे वसूल. पॅरिसमध्ये पाच वेळा तर एका दिवसात होतं. तिघांचे मिळून जवळजवळ 119 युरो वाचले, आपले बारा हजार. दादा, पाच-दहा नाही, बारा हजार. (भाव दर जानेवारीत सरकतात, निघताना बघून घ्या.)

मेख एकच. हा पास सोमवार ते रविवार चालतो. तुम्ही बुधवारी घ्या नाहीतर गुरुवारी, रविवारी रात्री संपला. आणि शुक्रवारपासून पुढच्याच आठवड्याचा देतात. ट्रॅव्हलवाल्याने आम्हाला शुक्रवारी उतरवायचं ठरवलं होतं, ते मी मंगळवार करून घेतलं, तर तो जो उसासा टाकला ना त्याने! जसं काही मी विमानच मागे घ्यायला लावलं. हो, शुक्रवार ते रविवारच जात असाल तर हा पास बिनकामाचा, दोन युरोचं साधं कार्ड घेऊन त्यात सुटी तिकिटं भरा. मान्य. आणि फोनमध्येही पास घेता येतो, मग कार्डाचे पाचही वाचतात, तेही मान्य. पण आईचा फोन म्हणजे व्हॉट्सअॅप आणि टॉर्च.

कार्डाला फोटो लागतो, 25 बाय 30 मिलिमीटर. आईच्या पर्समध्ये फोटो असणारच, पासवाल्या बाईच्या पर्समध्ये कायम असतात, पण ते व्हिसासाठी काढलेले, मोठे. चार्ल्स द गॉल एअरपोर्टच्या काउंटरवर मागे ही रांग, आणि आई खुणेने कात्री मागतेय. मला मेल्याहून मेल्यासारखं. पण आतल्या माणसाने काचेखालून कात्री सरकवली! आईने बाजूला उभं राहून, जीभ दाताखाली धरून, स्वतःचे दोन्ही कान शाबूत ठेवत फोटो कापला, कार्डावर चिकटवला, पेनाने नाव लिहिलं आणि कात्री मुठीच्या बाजूने परत दिली. (फोटो लावाच हं, बिनफोटोचा पास तपासणीत सापडला तर दंड आहे.)

मग आरईआर बी. गार द्यु नोर स्टेशनला गर्दी अशी घुसली की मी आणि नवरा बॅगांसकट भिंतीला. आई? आई दाराजवळच्या दांड्याला धरून समोरच्या सहा फुटी माणसाला मराठीत विचारतेय, "उतरणार का?" युरोप आहे, लोकल नाही म्हणे!

आता राग गेलाय थोडा. खरं सांगू का, बारा हजार मी कधीच विसरले असते. विसरत नाही ती मेट्रोची सहा नंबरची लाइन. आम्ही प्लास द इतालीजवळ राहिलो होतो, तिथून ही मेट्रो बराचसा वेळ वरूनच जाते, आणि बिर-हाकेम स्टेशन सोडल्यावर गाडी सेन नदीवर येते, उजवीकडे अख्खा आयफेल टॉवर. काही सेकंदच. पासी हे पुढचं स्टेशन आलं की संपलं. आई म्हणाली, "कळव्याच्या खाडीसारखं वाजतंय गं." पासीला उतरलो, पलीकडच्या फलाटावरून परत बिर-हाकेम. पुन्हा पासी. तीन वेळा केलं तिने हे! मी म्हटलं आई, पुरे. तर म्हणे, "पास आहे ना?" सुटी तिकिटं असती तर ही बाई एकदा बघून गप्प बसली असती, मला माहितीये, आयुष्यभर तेच केलंय तिने.

म्हणून दादा, तुझं ते "मजा करा" मला झोंबलं. जिच्या पासात आपल्या घराची एकतीस वर्षं गेली तिला कंजूष म्हणू नकोस. म्हणाला नाहीस, पण तेच झालं.

पॅरिस व्हिजिटवर काही ठिकाणी सूट मिळते, असेल, घ्या ज्यांना घ्यायचाय त्यांनी.

हे लिहिता लिहिता भाच्याचा मेसेज आलाय, ग्रुपवर नाही, मला एकटीला. "आत्या, सोमवारी सकाळी पोचतोय. फोटो किती बाय किती म्हणालीस?"

आजीला विचार म्हटलं. तिच्याकडे कापून तयार असतील.