लिफाफा सापडला होता

आज सकाळी कार्यालयात एका आजारी सहकाऱ्यासाठी जमवायच्या मदतीचा हिशेब कोणाकडे सोपवावा, याची चर्चा चालू असताना मी एका ज्येष्ठ बाईंचे नाव सुचवले. क्षणभर कोणीच बोलले नाही, आणि मग एक जण हलक्या आवाजात म्हणाले, "त्यांना नको, उगाच कशाला?" तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

11 वर्षांपूर्वी याच बाईंच्या ताब्यातला पैशांचा लिफाफा नाहीसा झाला होता. आठ दिवस कुजबुज चालली आणि नवव्या दिवशी तो त्यांच्याच टेबलात सापडला. मी तिथे उभा होतो. खण पूर्ण बाहेर ओढल्यावर मागच्या फळीच्या फटीत धुळीने माखलेला लिफाफा अडकलेला दिसला. बाईंनी सगळ्यांसमोर नोटा दोनदा मोजल्या, दुसऱ्यांदा मोजताना त्यांचा अंगठा थरथरत होता, आणि एकही नोट कमी भरली नाही. साहेबांनी त्यांची माफीही मागितली. आजच्या बैठकीतल्या कोणालाही विचारा, लिफाफा सापडल्याचे प्रत्येक जण सांगेल. मग हे "उगाच कशाला" येते कुठून?

हॉलिन जॉन्सन आणि कोलीन सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एका गोदामाच्या आगीची बातमी तुकड्यातुकड्याने वाचायला दिली होती. आधी सांगितले, की एका खोलीत तेलरंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. पुढे सांगितले, की ती माहिती चुकीची होती, खोली रिकामी होती. वाचणाऱ्यांना ही दुरुस्ती आठवत होती. तरीही एवढा धूर का झाला, असे विचारताच पुष्कळांनी त्याच रंगाकडे आणि त्याच टाक्यांकडे बोट दाखवले. आमच्या कार्यालयात नेमके हेच घडले आहे. खोली रिकामी होती हे सगळ्यांना पाठ आहे, आणि धूर मात्र अजून तिथूनच निघतो आहे.

"आम्ही खुलासा केला होता" असे म्हणून हात झटकणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. आरोप आठ दिवस, दहा तोंडांनी, जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायचा आणि खुलासा एकदाच, दोन वाक्यांत, मान खाली घालून उरकायचा. आणि वर अपेक्षा अशी, की दोन्हींचे वजन सारखे भरावे! गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, अवघ्या 12 मुलांवर आधारलेला लेख 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1998 साली छापून आला आणि मागे घेतला गेला 2010 साली. हे सगळे मी ज्या स्नेह्यांना बसून समजावले होते, तेच महिन्याभराने मला म्हणाले, "तरी काहीतरी असेलच ना!"

खुलासा अगदीच वाया जातो असे नाही, हे मान्य करतो. तो झाला नसता तर बाईंची नोकरी गेली असती.

आणि रागाच्या भरात एक गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. लिफाफा माझ्या डोळ्यांदेखत सापडल्यानंतर काही आठवड्यांनी बाई माझ्या टेबलापाशी आल्या, तेव्हा उघड्यावर पडलेले माझे पाकीट मी खणात सरकवले होते. त्यांनी ते पाहिले. त्या काहीच बोलल्या नाहीत, कागद ठेवून निघून गेल्या. त्यांच्या निर्दोषपणाविषयी माझ्या मनात तेव्हा तिळमात्र शंका नव्हती, असे मी शपथेवर सांगितले असते. माझ्या हाताला ते ठाऊक नव्हते.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. नुसते "खोली रिकामी होती" म्हणण्याऐवजी आग कशाने लागली असावी याचे दुसरे कारण दिले, की लोक जुन्या कारणाचा आधार कमी घेतात. आम्ही बाईंच्या बाबतीत तेच केले नाही. "त्यांनी घेतले नाहीत" एवढेच सांगितले. मग लिफाफा गेला कसा, ही जागा मोकळीच राहिली आणि तिथे जुना संशय पुन्हा येऊन बसला. खणाच्या मागच्या फळीचे खिळे सुटले होते आणि काठोकाठ भरलेला खण आत ढकलताना लिफाफा मागे घसरला होता, हे नंतर आलेल्या निम्म्या लोकांना कोणी सांगितलेलेच नाही.

उद्या बैठक पुन्हा आहे. मी बाईंचेच नाव सुचवणार आहे आणि सुटलेल्या खिळ्यांपासून दोनदा मोजलेल्या नोटांपर्यंत सगळे सांगणार आहे. त्या दिवशी खणासमोर उभे असलेले आणखी दोघे जण ही पोस्ट वाचतील. त्यांनी उद्या गप्प बसू नये.