जीकॉम्प्री फुकटच आहे: माझ्या जुन्या पोस्टबद्दल खुलासा

मुलांसाठीच्या मोफत सॉफ्टवेअरची माझी एक जुनी यादी सध्या पुन्हा फिरते आहे. त्यात जीकॉम्प्री या मुलांच्या शैक्षणिक खेळांच्या संचाबद्दल ‘विंडोजवर जीकॉम्प्रीचे थोडेच खेळ फुकट, बाकीच्यांसाठी कोड विकत घ्या’ असं वाक्य आहे. ते आता चुकीचं आहे, आणि ते मीच लिहिलं होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

विंडोज, मॅक आणि अँड्रॉइडवर पूर्वी खरंच तसं होतं. लिनक्सवर सगळं आधीपासून खुलं होतं. पण 2020 पासून सगळीकडेच पूर्ण आवृत्ती मोफत आहे. कोड नाही, जाहिराती नाहीत. परवा मी भाचीच्या विंडोज लॅपटॉपवर नव्याने टाकून पाहिलं. एकही खेळ कुलूपबंद नव्हता. माउस फिरवला की चौकोन पुसले जातात आणि खालून प्राण्याचं चित्र उघडतं, त्यावर ती अर्धा तास रमली. वरून पडणारी अक्षरं जमिनीवर टेकायच्या आत टाइप करायचा खेळ तर मोठ्यांनाही सोडवत नाही!

2000 साली फ्रान्समध्ये सुरू झालेला हा संच 2 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी आहे. नावातच ‘मला समजलं’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवर श्लेष आहे.

तेव्हा कोडसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जीकॉम्प्री डॉट नेट या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. जुनी यादी कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवली असेल त्यांना हा खुलासा पाठवा.