दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने लावलेली वाट

बिघडलेली डिस्क वाचवून देतो म्हणणाऱ्या, डॉस या विंडोजपूर्वीच्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरने एका पतसंस्थेच्या जुन्या खात्यांची जी दशा करून ठेवली आहे, ती निस्तरताना माझा संयम संपला आहे. हा राग यंत्राच्या वयावर नाही. जे आपल्याला कळलेले नाही ते बेधडक दुरुस्त करायला निघालेल्या त्या सॉफ्टवेअरच्या फाजील आत्मविश्वासावर आहे.

यंत्र ४८६ या जुन्या प्रोसेसरचे आहे, डॉस ६.२२ वर चालते, आणि त्याच्या ८५० एमबीच्या डिस्कवर फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममध्ये ठेवलेल्या सभासदांच्या ठेवींच्या नोंदी आहेत, ज्या वारसांच्या अर्जांमुळे आता पुन्हा लागल्या आहेत. मदरबोर्डवरची बॅटरी संपली, बायोस, म्हणजे यंत्र आणि डिस्क यांची गाठ घालून देणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, सगळ्या सेटिंग विसरला, आणि नंतर डिस्क आपोआप ओळखताना त्याने डिस्कवरचे पत्ते मोजण्याच्या एलबीए पद्धतीऐवजी नॉर्मल पद्धत धरली. एवढाच काय तो मूळ बिघाड! डिस्कच्या लेबलवर १६५४ सिलिंडर (तबकड्यांवरची वर्तुळे), १६ हेड (वाचणारी टोके) आणि प्रत्येक वर्तुळाचे ६३ सेक्टर (तुकडे) असे स्वच्छ छापलेले आहे. परंतु १०२४ पेक्षा जास्त सिलिंडर जुन्या बायोसमार्फत मोजता येत नसल्यामुळे एलबीए पद्धतीत हाच हिशेब डॉसला ८२७ सिलिंडर आणि ३२ हेड असा सांगितला जातो. नॉर्मल पद्धतीत सुमारे ५२८ एमबीच्या पुढचे काही हाती लागत नाही, आणि हेडची संख्या निम्मी झाल्यामुळे त्या मर्यादेच्या आतल्याही जवळजवळ सगळ्या सेक्टरांचे पत्ते चुकतात.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की फॅट (कोणत्या फाइलीचे तुकडे कोठे आहेत याचा तक्ता) आणि रूट डिरेक्टरी (सर्वांत वरची यादी) डिस्कच्या अगदी आरंभीच्या काही शे सेक्टरांत असतात आणि तेवढ्या भागाचे पत्ते दोन्ही पद्धतींत सारखेच येतात. त्यामुळे फाइलींची यादी दाखवणारी डीआयआर कमांड दिली की नावे, तारखा, आकार असे सगळे शिस्तीत पडद्यावर येते आणि डिस्क धडधाकट असल्याचा भास होतो. आत एखाद्या सबडिरेक्टरीत शिरावे, तर कधी नावांच्या जागी चौकटी आणि हसरे चेहरे, महिन्याचा आकडा बाराच्या पुढे, फाइलचा आकार डिस्कपेक्षा मोठा. आणि कधी नुसतेच ‘सेक्टर नॉट फाउंड’ आणि त्याखाली अबॉर्ट, रिट्राय, फेल.

यंत्र माझ्याकडे येण्यापूर्वीच कोणीतरी घाईने त्यावर हे सॉफ्टवेअर चालवले होते. मी त्या माणसाला दोष देत नाही, कारण पडद्यावर आलेला प्रश्न ‘चुका दुरुस्त करायच्या का, हो की नाही’ एवढाच होता. कोणत्या चुका, कशावरून चुका, दुरुस्ती कोठे लिहिली जाणार, यांबद्दल अवाक्षर नाही. डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे तिची स्वतःची माहिती असलेल्या आरंभीच्या सेक्टरमध्ये, हेडची संख्या ३२ म्हणून नोंदलेली असते आणि बायोस त्याच वेळी १६ सांगत असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर कोणालाही थांबावेसे वाटले असते. हजारो क्लस्टर (सेक्टरांचे गट) तपासण्याचा आव आणणाऱ्या सॉफ्टवेअरला ही एक तुलना सुचू नये?

सुचली नाहीच. त्याने चांगल्या सबडिरेक्टऱ्या बिघडलेल्या ठरवल्या, त्यांतल्या फाइलींचे क्लस्टर बेवारस ठरवले, आणि ते फाइल०००० पासून पुढे क्रमांक देऊन, सीएचके असे शेपूट लावून रूट डिरेक्टरीत ओतले. तेथे फक्त ५१२ नोंदींची जागा असते. ती भरल्यावरच हे सत्र थांबले. शिवाय दुरुस्तीचा जो मजकूर चुकीच्या पत्त्यांवर लिहिला गेला, तो भलत्याच फाइलींच्या पोटात जाऊन बसला. वाचवायच्या डिस्कवरच लिहीत सुटणाऱ्या वस्तूला दुरुस्तीचे साधन म्हणायचे तरी कसे?

आता एलबीए पुन्हा लावून मी एकेक सीएचके फाइल उघडून पाहतो आहे. पहिला बाइट ०३ असेल आणि लगेच पुढे रकान्यांची नावे दिसली तर ती फॉक्सप्रोची फाइल. पण ती कोणत्या शाखेची आणि कोणत्या वर्षाची, हे आतल्या तारखा वाचूनच ठरवावे लागते. नावे तर कायमचीच गेली.

दुरुस्ती मागे घेण्याची सोय होती म्हणे. तिच्यासाठी मूळ सेक्टर एका फ्लॉपीवर जपले होते. परंतु ते चुकीच्या पत्त्यांसकट जपलेले असल्यामुळे बायोस पुन्हा मुद्दाम नॉर्मलवर नेल्याशिवाय ती फ्लॉपी वापरणे म्हणजे उरलेल्या डिस्कवरही पाणी सोडणे. हे माहितीपुस्तिकेत कोठेही लिहिलेले नाही. तरीही मी ते करायला तयार होतो, पण फ्लॉपी घातल्याबरोबर ड्राइव्ह खरखरला आणि पडद्यावर उत्तर आले, ‘जनरल फेल्युअर रीडिंग ड्राइव्ह ए’.