गुलाब मोजून आणा

यंदा ऑफिसातल्या महिला दिनाची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली म्हणता? घाबरू नका. कामं सगळी बायकाच करतात, आपण फक्त त्यांचा सत्कार करायचा.

आधी साडीचा रंग ठरवा. जांभळा म्हणा. जांभळाच का, असं कोणी विचारलंच तर 'थीम आहे' म्हणावं, पुढे प्रश्न येत नाही. रांगोळी अकाउंट्सच्या मॅडम काढतील, नाश्ता घरून करून आणायची तर सगळ्यांना हौसच असते, आणि 'घर सांभाळून नोकरी' या विषयावर बोलायला साहेब आहेतच. साहेबांचं घर वहिनी सांभाळतात, त्यामुळे अभ्यास दांडगा.

इतिहासाच्या दोन ओळी लागतात. तिथे मात्र जपून. हा दिवस मुळात कामकरी बायकांच्या मागण्यांचा. 1910 साली कोपनहेगनला समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी तो सुचवला. 8 मार्च ही तारीख आली 1917 मधून: पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बाया भाकरी मागत संपावर गेल्या आणि आठवड्याभरात झारची गादी गेली. (रशियाच्या जुन्या कॅलेंडरात त्या दिवशी 23 फेब्रुवारी होती. हे बिनधास्त सांगा, तारखांच्या घोळात लोक रमतात.) 'संप' शब्द तेवढा गाळा, तिथे 'त्याग' घाला. 1980 च्या 8 मार्चचं तर नावच नको. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेला बलात्कार, सर्वोच्च न्यायालयातून सुटलेले दोन पोलीस, त्यावर मुंबईत रस्त्यावर उतरलेल्या बायका... 1983 मध्ये कायदा बदलला खरा, पण समोशाबरोबर हे घशाखाली उतरत नाही.

गुलाब मोजून आणा. पगारपत्रकावर जेवढ्या बायका, तेवढेच. झाडू मारणाऱ्या मावशी कंत्राटदाराच्या, त्यांचा गुलाब त्याने द्यावा. जानेवारीचा पगारही त्याच्याकडेच अडकलाय, दोन्ही एकदम मिळतील.

कार्यक्रम चारचा लिहा, म्हणजे पाचला सुरू होईल. कर्जत-कसाऱ्याच्या बायका घड्याळाकडे बघायला लागतील. त्यांना उत्साह कमी असतो, मनावर घेऊ नका.

आणि माईक कोणाच्या हाती मोकळा सोडू नका. आमच्याकडे एकीने भर कार्यक्रमात विचारलं होतं, 'लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आपली समिती आहे ना, तिच्यात कोण कोण आहे?' दहा माणसं कामाला असली की 2013 च्या कायद्याने ती लागतेच, हे तिला कुठून कळलं कोण जाणे. आम्ही लगेच अंताक्षरी सुरू केली. अक्षर 'म' आलं.

संपल्यावर बॅनर फेकू नका, सालावर पट्टी चिकटवली की पुढच्या वर्षी चालतो. पन्नास माणसं असतील तर 2017 च्या दुरुस्तीपासून पाळणाघर बंधनकारक आहे, म्हणजे कागदावर दाखवलेली एक खोली तुमच्याकडे असेलच. तिथे ठेवा. कोरडी असते, आणि वर्षभर कोणी उघडत नाही.