रोबोटला मुलं माणूस समजतात? तितकं सोपं नाही

‘लहान मुलं रोबोटला जिवंत माणूसच समजतात, बालवाडीत आणू नका’ असा मेसेज दादर-परळच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. दाखला २०१२ च्या अमेरिकेतल्या, रोबोव्ही नावाच्या रोबोटवरच्या प्रयोगाचा. त्यातली मुलं ९, १२ आणि १५ वर्षांची होती, बालवाडीतली नव्हेत! रोबोव्हीला भावना असतात, असं बहुतेकांनी सांगितलं खरं. पण त्याची खरेदी-विक्री चालेल, असंही म्हणाली. माणसाबद्दल कुणी असं म्हणेल? आमच्या बालवाडीतली पोरं ‘ह्याला भूक लागली का?’ विचारतात आणि लगेच उलटा करून सेल काढायला बघतात. काळजी करायचीच तर वेगळी करा: २०१८ च्या एका प्रयोगात ७ ते ९ वर्षांची मुलं रोबोटांच्या चुकीच्या उत्तराला बऱ्याचदा ‘हो’ म्हणाली. मोठी माणसं बधली नाहीत.