ब्लाउज पेंडिंग आहे

हिंजवडीत आमच्या ऑफिसात मेल पाठवणाऱ्या कोडची एक फाइल आहे, तिला हात लावायला कुणी धजत नाही. वेळ खाणाऱ्या कामांची वाट बघायच्या पद्धतींच्या तीन पिढ्या नांदतात तिच्यात. सगळ्यात जुना कोड कॉलबॅकवाला, हे झालं की ते कर, ते झालं की पुढचं, असं करत करत कंस इतके आत सरकलेत की वाचताना स्क्रीन उजवीकडे ओढावी लागते. मग २०१५ ला जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिस आलं, म्हणजे निकाल नंतर मिळेल असं वचन, कुणीतरी मधे डॉट-देन डॉट-देनची, म्हणजे "मग हे, मग ते"ची माळ लावली. २०१७ ला असिंक-अवेट आलं, म्हणजे निकाल हाती येईपर्यंत त्याच ओळीवर थांबायची सोय, त्याचा वरचा मजला चढला. टीम लीड म्हणाला, "काय ठेवायचं तूच ठरव, पण एकच ठेव."

ठरवतोय कधी, घरी भाचीचं लग्न. बायकोचे तीन ब्लाउज लक्ष्मी रोडच्या मागे एका बोळात शिवायला टाकलेले, आणायची ड्युटी माझी. टेलरकाका आधी म्हणाले, "झालं की फोन करतो." झाला कॉलबॅक! नंबर त्यांच्या वहीत, आता फोन करायचा की नाही, एकदा की चारदा, सगळं त्यांच्या मर्जीवर. आलाच नाही. मग पावती दिली, "गुरुवारी नक्की." हे प्रॉमिस. पावती खिशात घालून गावभर हिंडता येतं, पण ती अंगात घालता येत नाही. गुरुवारी गेलो तर "पेंडिंग आहे साहेब", म्हटलं आता घेतल्याशिवाय हलत नाही, आणि स्टुलावर बसलो. अवेट. गंमत बघा, दुकान काही थांबलं नाही, काका बाकीची गिऱ्हाइकं निवांत करत होते, अडकलो फक्त मी.

तेवढ्यात बायकोचा फोन, "तिन्ही एकदम आण हं, एखाददुसरा नको." म्हणजे प्रॉमिस-डॉट-ऑल. तिसऱ्याचं अस्तर संपलेलं, त्यामुळे तयार असलेले दोनही पाण्यात. ऑल-सेटल्ड म्हणून सोय आहे २०२० पासून, जे झालं ते द्या, जे नाही त्याचं कारण सांगा, पण ती काकांपर्यंत आणि (खरं सांगायचं तर) बायकोपर्यंत पोचलेली नाही.

रात्री वैतागून फाइल उघडली आणि सगळीकडे अवेट ठोकलं. रन केलं तर "सर्व मेल पाठवले" ही प्रोग्रॅमची नोंद आधी आणि मेल मागून रमतगमत! दीड तास डोकं खाजवलं. यादीतल्या प्रत्येकावर तेच काम चालवणाऱ्या फॉर-ईचच्या आत अवेट लावला होता ना, आणि तो बाबा कुणासाठी थांबतच नाही, परत आलेल्या प्रॉमिसकडे ढुंकूनही बघत नाही. साधा फॉर-ऑफ लूप लावला तेव्हा एकेक मेल रांगेत जायला लागला. हळू जातात, जाऊ देत, कुठे ट्रेन पकडायचीय त्यांना.

शनिवारी सकाळी चक्क काकांचा फोन, "तिन्ही रेडी." धावत जाऊन आणले, पिशवी ऐटीत बायकोच्या हातात दिली. तिने एक ब्लाउज बाहेर काढला, दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हा कुणाचा?"