भीती एकाची, भुर्दंड दुसऱ्याला

सप्टेंबर 2022मध्ये राणी एलिझाबेथ गेली, तेव्हा राजवाड्याचे मधपाळ जॉन चॅपल मधमाश्यांच्या पेट्यांपाशी गेले. पेट्यांना काळी फीत बांधली, हलकेच टकटक केलं आणि माश्यांना सांगितलं की मालकीणबाई गेल्या, नवे मालकही तुम्हाला नीट सांभाळतील, सोडून जाऊ नका. ही बातमी वाचून माझ्या ओळखीतले बरेच जण हसले. मला नाही हसू आलं.

इंग्लंडच्या खेड्यांतली ही जुनी रीत. घरातलं माणूस गेलं आणि माश्यांना कळवलं नाही, तर त्या उडून जातात किंवा मरतात अशी समजूत. समजूत खुळी, कबूल. पण ज्या घरात 'गेला' हा शब्द कुणाच्या तोंडून फुटत नाही, तिथे तो पहिल्यांदा उच्चारायला एक जागा मिळते, आणि समोरचा 'कसं काय झालं हो?' असं विचारत नाही. (हे विचारणाऱ्यांपेक्षा माश्या बऱ्या.) आरसे झाकणं, घड्याळ बंद करणं, आत्म्यासाठी खिडकी उघडणं हेही तसंच. खरं काही नाही, पण कुणाचं बिघडतही नाही. असू देत.

माझं भांडण आहे ते भीती एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, अशा प्रथांशी.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एक्सेटर नावाचं गाव आहे. तिथल्या ब्राउन कुटुंबात क्षयाने आधी आई गेली, मग थोरली मुलगी. जानेवारी 1892मध्ये 19 वर्षांची मर्सी गेली. भाऊ एडविन अंथरुणाला खिळलेला. शेजाऱ्यांनी निदान केलं: मेलेल्यांपैकीच कुणीतरी त्याचं रक्त शोषतंय. बापाचा विश्वास नव्हता, पण गावापुढे त्याचं काही चाललं नाही. मार्चमध्ये तिघींची प्रेतं उघडून पाहिली. आई आणि बहिणीची हाडं उरलेली, मर्सी मात्र जवळजवळ जशीच्या तशी, हृदयात रक्तसुद्धा. झालं, गुन्हेगार सापडली! ऐन हिवाळ्यात गेलेल्या आणि दोनच महिने दफनभूमीतल्या थंडगार कोठडीत ठेवलेल्या प्रेताचं आणखी काय होणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. हजर असलेल्या डॉक्टरने फुप्फुसात क्षयाच्या खुणा आहेत असं सांगितलं. ते ऐकतो कोण? हृदय आणि यकृत जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली. मे महिन्यात तोही गेला.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने 1882मध्येच जगापुढे मांडला होता. ज्ञान होतं, दहा वर्षांचं जुनं होतं. म्हणून 'लोक अडाणी होते' एवढ्यावर मला हे सोडून देता येत नाही. गाव घाबरलं होतं आणि घाबरलेल्या गावाला बोट दाखवायला कुणीतरी लागतं. मेलेली मुलगी त्याला सोयीची. ती उलटून बोलत नाही.

दुसरी प्रथा तर पैसे देऊन चालायची. वेल्स आणि इंग्लंडच्या सीमाभागात 'पापभक्षक' असायचे. सतराव्या शतकात जॉन ऑब्रे या इंग्रज लेखकाने लिहून ठेवलंय की प्रेतावरून एक पाव, भांडंभर बिअर आणि सहा पेन्स एखाद्या गरिबाच्या हातात देत. त्याने तो पाव खाल्ला की मेलेल्याची पापं त्याच्या अंगावर! घरचे मोकळे. आणि पुढे लोक त्याच माणसाची सावली टाळणार. उपाशी माणसाला परलोक विकायला लावायचा, वर त्यालाच अपवित्र म्हणायचं. माश्यांशी बोलणाऱ्याला हसणाऱ्यांनी आधी या सौद्याकडे पाहावं.

शेवटचा पापभक्षक म्हणून ज्याचं नाव घेतात तो रिचर्ड मन्स्लो 1906मध्ये वारला. तो मात्र गरीब नव्हता, श्रॉपशरमधला बऱ्यापैकी शेतकरी होता. त्याची मुलं लहानपणीच गेली आणि त्या दुःखात त्याने हे काम पत्करलं, असं सांगतात. रॅटलिंगहोपच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. ती मोडकळीला आली होती. 2010मध्ये तिथल्या लोकांनी वर्गणी काढून ती दुरुस्त करून घेतली.